मुलगी साडेपाच वर्षांनी मोठी: सांगलीच्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

ओंकार २८ वर्षांचा, सीए, मूळ सांगलीचा, नोकरीला पुण्यात. मृण्मयीला ३३ पूर्ण होऊन वर सहा महिने झालेले, तीही सीए, पुण्याचीच. (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे बारकावेही.) जात एक, गोत्रं वेगळी, पत्रिका जुळवली तर साडेसव्वीस गुण. जन्मवर्ष झाकून हे स्थळ कोणी सुचवलं असतं, तर सांगलीहून आठवड्याच्या आत होकार आला असता.

ओंकारनं ज्या फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, केली तिथे मृण्मयी सीनियर होती. आर्टिकलची सगळी पोरं तिला मृण्मयीताई म्हणत, तोही म्हणे. पुढे तो पास झाला, फर्म सुटली, ओळख मात्र राहिली आणि वाढली. लग्नाचा विषय त्यानं काढला. तिनं तो बरेच महिने टोलवला, कारण एकच: "तुझ्या घरी हे पचणार नाही."

सांगलीच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले वडील, आई, ८१ वर्षांच्या आजी आणि धाकटी बहीण सई. सई २५ची, तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू. घराबाहेर राहून घरात वजन असलेले पाचवे गृहस्थ म्हणजे आईचे थोरले भाऊ. संध्या न चुकवणारे, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारे, कुठल्याही कार्याची तिथी ठरण्याआधी ज्यांना फोन जातो ते मामा.

याच घरातली आणखी तीन अंतरं नोंदवून ठेवतो. आजी-आजोबांत १३ वर्षं, मामा-मामींत ७, आई-वडिलांत ६. त्यांच्याबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

ओंकार आणि मृण्मयी माझ्याकडे विवाहपूर्व समुपदेशनासाठी आले तेव्हा सांगलीत भांडण होऊन गेलं होतं. आई जेवत नव्हती, वडील बोलत नव्हते आणि मामांनी फोनवर निकाल दिला होता: "शास्त्रात बसत नाही."

अडचण नेमकी कोणती

मामांच्या हरकती तीन होत्या. पहिली, याज्ञवल्क्य स्मृतीत वधू 'यवीयसी', म्हणजे वरापेक्षा लहान असावी असं स्पष्ट म्हटलंय. दुसरी, वयानं मोठी बायको केली की पुरुषाचं आयुष्य घटतं. तिसरी, आजींच्या तोंडची जुनी म्हण, मामांनी उचलून धरलेली: "ज्येष्ठाला ज्येष्ठ करू नये."

आईंच्या हरकतीत श्लोक नव्हते. "जिला ताई म्हणत होतास तिच्या गळ्यात माळ घालणार?" हे पहिलं वाक्य. मग मूल होईल का. मग सईचं कसं जमायचं. आणि अगदी शेवटी, माझ्याशी फोनवर एकट्या बोलताना: "सर, ती तेहतीस वर्षं तिच्या मनानं जगलेली बाई आहे. माझ्या हाताखाली ती कशी येणार?"

वडिलांना हरकत नव्हती, पण ती नसल्याचं ते बोलूनही दाखवत नव्हते.

घरात हे सगळं एकाच नावाखाली चालू होतं: धर्म. ओंकारचं उत्तरही एकच: "हल्ली कोण मानतं हे?" या उत्तरानं मामा जास्त बिथरले, आणि मला वाटतं त्यांचं चुकलं नाही. मामा खरोखर मानत होते. जो माणूस रोज पहाटे उठून अर्घ्य देतो त्याला "कोण मानतं" विचारणं म्हणजे तू कोणीच नाहीस असं सांगणं. म्हणून पहिलं काम ठरलं ते प्रश्नांची वाटणी करण्याचं. धर्माचा प्रश्न कोणता, लोकलज्जेचा कोणता, सासू-सुनेच्या जागेचा कोणता. धर्माचा जो निघेल त्याला धर्माच्याच माणसाकडून उत्तर घ्यायचं.

ग्रंथांत काय आहे

मामांचा पहिला मुद्दा खरा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात वधूची लक्षणं सांगताना 'अनन्यपूर्विकां कान्तामसपिण्डां यवीयसीम्' असं आहे. गौतम धर्मसूत्रातही 'यवीयसी' आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या 'मिताक्षरा' या टीकेत विज्ञानेश्वर त्याचा अर्थ देतात: वयानं आणि प्रमाणानं, म्हणजे उंचीनंही, लहान. हे नाकारून बोलणी सुरू केली असती तर मामांनी पोथी समोर ठेवली असती आणि विषय तिथेच संपला असता.

पण अशाच ग्रंथांत अंतर किती असावं तेही आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ३० वर्षांच्या पुरुषानं १२ वर्षांची, २४ वर्षांच्यानं ८ वर्षांची कन्या करावी असा श्लोक आहे. म्हणजे अंतर १८ किंवा १६ वर्षांचं. पराशर स्मृतीतली 'अष्टवर्षा भवेद् गौरी' ही ओळ तर आजींनाही पाठ. यातलं काहीही आज मामा स्वतःच्या नातीसाठी मान्य करणार नाहीत, आणि केलं तर तो गुन्हा ठरेल. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय १४ केलं, १९७८च्या दुरुस्तीनं ते १८ आणि मुलाचं २१ झालं. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात ही किमान वयं आहेत, सपिंडाचा, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्न नको हा, नियम आहे. दोघांतल्या अंतराबद्दल एक शब्द नाही.

महाराष्ट्रात या अंतरावरून पूर्वी वाद झाला तो उलट्या बाजूनं. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांनी, स्वतः ३१ वर्षांचे असताना, ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. वीस वर्षांच्या त्या अंतराला सनातन्यांची हरकत नव्हती. टीका सुधारकांकडून झाली, तीही मुख्यतः विधवेशी पुनर्विवाह केला नाही म्हणून. जरठ-कुमारी विवाहावर, म्हणजे म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी या लग्नावर, नाटक आलं ते १८९९ साली, 'संगीत शारदा', आणि ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. ओंकारच्या वडिलांनी या सगळ्या प्रकरणात मामांना उद्देशून काढलेला पहिला उद्गार याच संदर्भातला होता: "देवल आपल्या हरिपूरचे. तेव्हा गावानं म्हाताऱ्या नवऱ्याची लाज धरली. आता मोठ्या मुलीची धरायची का?"

इतर धर्मांत हा प्रश्न कसा दिसतो हे ओंकारनं विचारलं होतं, म्हणून थोडक्यात. इस्लामी परंपरेत पैगंबरांची पहिली पत्नी खदिजा त्यांच्यापेक्षा मोठी, प्रचलित वर्णनात त्या ४० आणि ते २५. त्यामुळे मोठ्या वधूला धर्माचा आधार तिथे आयता मिळतो, तरी कोकणी मुस्लिम घरांतून माझ्याकडे आलेल्या आयांची चिंता ओंकारच्या आईंहून, म्हणजे काकूंहून, निराळी नसते. कॅथलिक चर्चचा कायदा किमान वय सांगतो, अंतर नाही. बौद्धांच्या सुत्तनिपातातलं पराभव सुत्त मात्र नेमकं बोट ठेवतं: तारुण्य ओसरलेला पुरुष कोवळी मुलगी घरात आणतो आणि तिच्या मत्सरानं त्याला झोप लागत नाही, हे ऱ्हासाचं एक कारण. तिथेही दोष मोठ्या वयाच्या बायकोत सांगितलेला नाही.

पर्याय

टेबलावर पाच पर्याय होते, पैकी तीन फार टिकले नाहीत.

पहिला, विषय सोडून देणे. दोघांनीही त्याचा विचार केला होता आणि तो मागे पडला होता. दुसरा, विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी: ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सांगलीला नंतर कळवणं. मृण्मयीला तो मान्य नव्हता. "मी मोठी आहे म्हणून मला चोरून नेलं, असं आयुष्यभर ऐकायचं नाहीये."

तिसरा, वर्षभर थांबणे. वडिलांचा कल इकडे होता, वाट बघू, निवळेल. थांबण्याची किंमत दोघांना सारखी नाही, हे मी इथे बोलून दाखवलं. ३४ला मुलीचं वर्ष जाणं आणि २८ला मुलाचं वर्ष जाणं यांत फरक आहे, आणि ज्या घराला नातवाची काळजी आहे त्यानंच वर्ष वाया घालवणं हे विचित्र आहे. पर्याय तिथेच मिटला.

उरले दोन. जन्मवर्ष लपवणे, किंवा प्रश्न शास्त्रीबुवांसमोर ठेवणे.

पहिलं वळण: जन्मवर्ष

लपवण्याची सूचना मावशीची. सांगलीत, मिरजेत, कोल्हापुरात सगळ्यांना सांगायचं की दोघं बरोबरीची, एकाच बॅचची. मुलगी दिसतेही लहान. सईच्या स्थळांना काही कळायला नको. काकूंना हे एकदम पटलं आणि आश्चर्य म्हणजे ओंकारलाही. "घरचे खूश, आम्हीही खूश, काय बिघडलं?"

व्यवहाराच्या अडचणी ढीगभर होत्या. विवाहनोंदणीच्या अर्जात दोघांची वयं पुराव्यासकट लागतात. पत्रिकेत वर्ष बदललं तर चंद्राचं नक्षत्र बदलतं, म्हणजे ते साडेसव्वीस गुण भलत्याच मुलीचे होतात. (जाता जाता: गुणमेलनाच्या आठही कूटांत वयाला जागा नाही. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. सगळं राशी-नक्षत्रावरून. मामांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते मोकळेपणानं कबूल केलं.) पण खरी अडचण मृण्मयीनं मांडली. तिचे शाळासोबती सांगलीत आहेत, तिची धाकटी बहीण ओंकारच्या वयाची आहे. दर दिवाळीला, दर मंगळागौरीला, दर वाढदिवसाला कोणीतरी हिशोब घालणार आणि प्रत्येक वेळी खोटं तिलाच बोलावं लागणार. "आणि केकवर मेणबत्त्या किती लावायच्या हे काकू ठरवणार का?"

निकाल लावला तो सईनं. आईला म्हणाली, "माझ्या स्थळाच्या नावावर हे खपवू नकोस. वहिनीचं वय बघून जो मला नाही म्हणेल तो मला नकोच आहे." काकू यावर चिडल्या, पण सूचना मागे पडली.

दुसरं वळण: विचारायचं, पण कशासाठी

सांगलीचे घरचे गुरुजी लग्न लावायला तयार होते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की विधी मी करीन, निर्णय देणं माझं काम नाही. त्यांनीच वाईत अध्ययन केलेल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांचं नाव सुचवलं.

जाण्याआधी मी ओंकारला एकच विचारलं: उत्तर विरुद्ध आलं तर? तो म्हणाला, लग्न तर करणारच. मग विचारायला जाणं हे नाटक झालं, आणि मामांना ते पहिल्या मिनिटाला कळणार. यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी ओंकारनं मामांना फोन करून जे सांगितलं ते मला आजही नीट वाटतं: "मामा, लग्न मी करणार आहे, त्यात तुम्हाला फसवत नाही. पण होम-सप्तपदीनं करायचं की नुसती सही करायची, हे शास्त्रीबुवा सांगतील त्यावर ठरवू. ते नको म्हणाले तर अग्नीसमोर खोटेपणा करणार नाही." मामा थोडं थांबून म्हणाले, "आणि ते हो म्हणाले तर मी तुझ्यामागे उभा राहीन." दोघांनीही आधीच शब्द दिल्यामुळे त्या भेटीला अर्थ आला.

वाईची भेट

गेले ते मामा, ओंकारचे वडील, ओंकार आणि मृण्मयी. मृण्मयीनं येऊ नये असं मामांचं म्हणणं होतं. ती म्हणाली, "मामा, दोष माझ्या वयात आहे का हे विचारायला चाललाय. मला ऐकू दे." पुढचं सगळं तिच्या आणि ओंकारच्या तोंडून, दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

शास्त्रीबुवांनी सुरुवातच मामांच्या बाजूनं केली. "वधू लहान असावी असंच शास्त्रात आहे. नाही असं मी म्हणणार नाही." ओंकारचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, नियम दोन प्रकारचे असतात. सगोत्र किंवा सपिंड मुलीशी लग्न लावलं तर मिताक्षरा म्हणते की भार्यात्वच उत्पन्न होत नाही, ते लग्नच नव्हे. पण वधू निरोगी असावी हाही नियम आहे. तो मोडला तर लग्न होतं, अडचण फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या व्यवहारात येते. वयाचा नियम आपण या दुसऱ्या बाजूला ठेवतो, असं त्यांचं मत. "आता दिसणारी अडचण काय ती तुम्ही मला सांगा. मुलगी आजारी आहे? घर चालवू शकत नाही?" मामांनी मान हलवली.

आयुष्य घटण्याचा मुद्दा मामांनी काढला तेव्हा शास्त्रीबुवांनी ते सुभाषित पुरतं म्हणायला लावलं. मामांना पाठ होतं. आयुष्य क्षीण करणाऱ्या गोष्टींची ती यादी आहे: कोवळं ऊन, चितेचा धूर, वयानं मोठी स्त्री, डबक्यातलं पाणी आणि रात्रीचा दहीभात.

"रात्री काय जेवता?"

मामा गप्प. वडील पटकन म्हणाले, "दहीभात. वर मेतकूट."

खोलीत हशा पिकला, मामाही हसले. गाठ तिथे सैल झाली असं ओंकार म्हणतो.

ओंकार नेटवर वाचून तयारीनं गेला होता. त्यानं बलराम-रेवतीची गोष्ट काढली. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात ती आहे: रैवत राजा मुलीला घेऊन ब्रह्मदेवाकडे वर विचारायला गेला, तिथे गाणं ऐकत थांबला आणि खाली तोवर युगं उलटली. परत आल्यावर रेवती बलरामाला दिली. ती जुन्या युगातली, म्हणून फार उंच, तेव्हा बलरामानं नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून बेताची केली. युगांनी मोठी बायको! मामांनी तत्काळ उत्तर दिलं: न देवचरितं चरेत्. देवांनी केलं ते माणसानं करू नये. शास्त्रीबुवांनी इथे मामांची बाजू घेतली. "ते बरोबर बोलतायत. पुराणातली गोष्ट दाखला म्हणून ठीक, आधार म्हणून नको. आधार मी आधी दिला तेवढाच." आणि मग मृण्मयीकडे बघून, "पण बलरामानं तिची उंची कमी केली, वय नाही. त्याला चाललं."

ज्येष्ठाचा घोळ पाच मिनिटांत मिटला. तो नियम पहिल्या अपत्यांचा आहे. पहिला मुलगा, पहिली मुलगी आणि ज्येष्ठ महिना असे तीन ज्येष्ठ एकत्र येऊ द्यायचे नाहीत. वयानं कोण मोठं याचा त्याच्याशी संबंध नाही. ओंकार आणि मृण्मयी दोघंही पहिली अपत्यं, म्हणून ज्येष्ठात मुहूर्त धरू नका, एवढंच.

तिसरं वळण: शांती

मामा शब्दाला जागले. सांगलीत येऊन त्यांनी सांगितलं की लग्न होतं, मी उभा राहणार. पण बहिणीला सांगताना त्यांचं वाक्य असं झालं: "नियमात बसत नाही, पण चालतं." काकूंनी त्यातला पहिला अर्धा उचलला. चालतं म्हणजे दोष आहेच ना, मग त्याची शांती करू.

मृण्मयी यावर पहिल्यांदा चिडली. तोवर तिनं सगळं सबुरीनं घेतलं होतं. तिच्या नावानं दोषाची शांती होणार, तिला पाटावर बसवणार, आणि ज्या घरात ती जाणार तिथली प्रत्येक बाई ते बघणार. ओंकारला वाटत होतं, अर्ध्या दिवसाचा प्रश्न आहे, बसू की. या एका मुद्द्यावर लग्न मोडण्याच्या बेतात आलं होतं, शास्त्रापेक्षा जास्त जवळ.

त्या दिवशीच्या बैठकीत मी दोघांना तडजोड सुचवली नाही. ओंकारला म्हटलं, काकूंना शांती हवी असेल तर गुरुजींना विचार, नाव कोणत्या दोषाचं घेणार? त्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले, "संकल्पात दोषाचं नाव लागतं. वयाचा दोष असा कुठला मला माहीत नाही. लग्नाआधी ग्रहमख होतंच की, दोन्हीकडे. काकूंना म्हणावं, तेवढं निष्ठेनं करा." ग्रहमख, म्हणजे नवग्रहांची पूजा आणि होम, प्रत्येक लग्नाला होतं, त्यात कोणावर बोट नसतं. काकूंना विधी मिळाला आणि मृण्मयीला दोष लागला नाही.

चौथं वळण: तपासणी

मुलाबाळांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. पस्तिशीनंतर गर्भधारणेला वेळ लागू शकतो, हे डॉक्टरही सांगतात. काकूंनी मागितलं ते असं: मृण्मयीनं लग्नाआधी तपासणी करून रिपोर्ट दाखवावा.

मी दोन गोष्टी सुचवल्या. मूल ही दोघांची बाब आहे, म्हणून डॉक्टरकडे जायचं तर दोघांनी जायचं आणि रिपोर्ट दोघांच्याच हातात राहणार. आणि त्यात काही निघालं तर काय करायचं हे तपासणीआधी दोघांनी ठरवायचं. ते गेले. काय निघालं ते मला माहीत नाही, काकूंनाही नाही. ओंकारनं आईला सांगितलं, "आम्ही जाऊन आलो. आता तो विषय आमचा." काकूंनी तोंड फिरवलं. पण हे वाक्य मृण्मयीला बोलावं लागलं नाही, याचं मोल पुढे दिसलं.

आजी

आजींना कोणी काही विचारलं नव्हतं. धार्मिक म्हणून त्यांचं नाव हरकतीच्या बाजूला परस्पर लिहून टाकलेलं. मृण्मयी पहिल्यांदा सांगलीला गेली तेव्हा काकूंनी सर्वांसमोर तो मुद्दा काढला: नवरा लहान, बायको मोठी, देव करो आणि वाईट न होवो.

आजी म्हणाल्या, "वाईट काय त्यात? मोठी आहे तर अहेवपणी जाईल. माझा नवरा तेरा वर्षांनी मोठा बघून दिला सगळ्यांनी. बावन्नाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं माझं. एकोणतीस वर्षं झाली. तेव्हा कोणी शास्त्र काढलं नाही."

त्यांचा युक्तिवाद आधुनिक अजिबात नव्हता. सवाष्ण मरण भाग्याचं, या जुन्या श्रद्धेतूनच तो आला होता, आणि मृण्मयीला तो ऐकून हसावं की काय करावं कळेना. पण घरातल्या सर्वांत जुन्या श्रद्धेनं घरातला सर्वांत जुना आक्षेप निकालात काढला. काकू त्यानंतर शास्त्राचं नाव घेईनात.

काय झालं

लग्न वैशाखात सांगलीत झालं. मामा अंतरपाटापाशी ओंकारच्या मागे उभे होते. मावशी आल्या नाहीत, सईच्या एका स्थळाकडून नंतर फोन आला नाही. त्याचं कारण वहिनीचं वय की आणखी काही, कोणी सांगितलं नाही, पण काकू ते वयाच्याच खात्यावर मांडतात.

दीड-एक वर्षानं दोघं भेटली तेव्हाची स्थिती अशी. मृण्मयी त्याला "अरे" म्हणते, तो तिला "अगं". काकूंना तिनं चारचौघांत "अहो" म्हणायला हवं असतं, ते झालेलं नाही. सुनेचा दरारा वाटण्याची काकूंची भीती निम्मी खरी ठरली. मृण्मयी स्वयंपाकघरात सल्ला ऐकून घेते, पैशांच्या बाबतीत ऐकत नाही, आणि निवृत्तीच्या रकमेचा हिशोब मात्र काकू आता तिच्याकडूनच करून घेतात. मूल नाही. काकू महिन्या-दोन महिन्यांनी विचारतात आणि उत्तर ओंकार देतो.

वेगळं काय करता आलं असतं

वाईला काकूंना न्यायला हवं होतं. आजींजवळ कोणी थांबायचं म्हणून त्या मागे राहिल्या. सई थांबू शकली असती. ज्या बाईचा प्रश्न होता तिला उत्तर भावाच्या तोंडून, त्याच्या शब्दांत मिळालं आणि शांतीचं सगळं रामायण त्यातून उद्भवलं. शास्त्रीबुवांचा तो दहीभाताचा प्रश्न तिनं समोर बसून ऐकला असता तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

आजींना पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. म्हातारं माणूस म्हणजे विरोध, हे घरानं गृहीत धरलं.

'ताई'चा मुद्दा कोणी नीट हाताळला नाही. शास्त्रात त्याला काही आधार नाही, ऑफिसातल्या ताईनं नातं लागत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण काकूंना खुपत होतं ते तेच, कारण आर्टिकलशिपच्या काळात ओंकार घरी फोनवर "मृण्मयीताईंनी हे शिकवलं, ते शिकवलं" सांगायचा आणि काकूंनी तेव्हा तिला एकदा तिळगूळही पाठवला होता. मुलाच्या ताईला पाठवलेला तो डबा होता. त्याबद्दल ओंकारनं आईशी एकट्यानं बसून बोलायला हवं होतं. अजून बोललेला नाही.

आणि वडील. हरकत नसलेल्या माणसानं ती नसल्याचं सुरुवातीलाच मोठ्यांदा म्हटलं असतं, तर बाकीच्यांना मामांच्या निकालाची वाट बघत बसावं लागलं नसतं. आता घरात असं प्रकरण आलं की मी पहिल्या बैठकीत गप्प बसलेल्या माणसाकडे आधी वळतो. सईचं स्थळ ठरवताना त्या घरानंही तेच केलं. पहिला फोन वडिलांनी लावला आणि सुनेचं वय पहिल्या पाच वाक्यांत सांगून टाकलं.